'जोगवा' सिनेमामागची कथा: जट, यल्लम्मा आणि कायदा

'जीव रंगला' हे गाणं अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये असतं. ते ज्या सिनेमातलं आहे त्या 'जोगवा'ची (२००९) मुळं मात्र पुस्तकांत आहेत: चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा आणि राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या. चारुता सागर हे नाव वाचून लेखिका वाटते, पण ते टोपणनाव. लेखकाचं खरं नाव दिनकर दत्तात्रय भोसले.

विषय आहे सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलं सोडण्याचा. मुलीच्या केसांत जट दिसली की देवीचं बोलावणं आलं असं मानायचं आणि तिला जोगतीण करायचं. मुलगा असेल तर तो जोगत्या, त्याला साडी नेसवायची. खरं तर केस न धुता, न विंचरता राहिले की गुंततात, चिकटतात आणि जट होते. पण ती कापली तर देवीचा कोप होईल, या भीतीने घरचे कात्री लावत नाहीत. सोडलेल्या मुलीचं लग्न होत नाही. तिच्या वाट्याला जोगवा मागणं येतं, अनेकदा लैंगिक शोषणही.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये, तर महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदा झाला. गुन्हा नोंदवता येतो, पण पोरीवर माया असूनही तिला सोडणाऱ्या आईची घालमेल कुठल्या कलमात बसवणार? ती समजायला कथाच वाचावी लागते.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते पुण्यासह राज्यात आजही जट सोडवतात. केस कापायला थोडा वेळ लागतो, घरच्यांची समजूत काढायला जास्त.