कोऱ्या आकाशाची साक्ष

एका किल्ल्याचे एकोणिसाव्या शतकातले छायाचित्र मी पूर्वी एका लेखात भर उन्हाळ्यातले ठरवले होते. पुरावा एकच: आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. ते विधान आज मागे घेतो.

१८५१ नंतर काचेवर कलोडियन लावून, काच ओली असतानाच चित्र घेत. हे रसायन निळ्या प्रकाशाला चटकन भुले. हिरव्या-तांबड्याला जवळजवळ दादच देत नसे. झाडी, कातळ नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होई. ढग असले तरी त्यात विरून जात.

फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास काही सागरचित्रांत यावर तोड काढली. समुद्रासाठी एक काच, आकाशासाठी कमी वेळ प्रकाश दिलेली दुसरी. दोन्ही क्षितिजरेषेवर जुळवून एकाच कागदावर छापायच्या. सांधा सहजी सापडत नाही, इतका हात सफाईचा! पण एकच आकाश त्याने वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरले आहे. म्हणजे ढग दिसले तरी संशोधकाची सुटका नाहीच.

त्या किल्ल्याचे चित्र परवा पुन्हा भिंगाखाली धरले. या खेपेस आकाश सोडून खाली पाहिले. कोपऱ्यातले तळे काठोकाठ भरलेले आहे.