थांबण्याचा इतिहास

मोटारीच्या वेगाचे पोवाडे पुष्कळांनी गाइले; तिच्या थांबण्याची बखर मात्र फारशी कोणी लिहिली नाही. वस्तुतः माणसाने वेग वाढवला तो थांबण्याची खात्री पटत गेली तसतसा.

आमचे युसूफ वडगाव केज तालुक्यातले. येथून बीडला जायचे तर मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. बैलगाडीच्या काळी उतार लागला की मागचे ओझे बैलांच्या मानेवर येई. गाडी आवरायची ती त्या मुक्या जनावरांनी. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी संस्थानात सरकारी मोटारवाहतूक सुरू केली, आणि बैलांच्या मानेचे काम लोखंडाकडे येऊ लागले.

आरंभीच्या मोटारींत पायाचा जोर चाकापर्यंत सळ्यांनी नि तारांनी पोचे. एखादी तार सैल पडली की एक चाक आधी धरी, दुसरे मागून, आणि गाडी भलतीकडेच वळे. यावरचा उपाय सतराव्या शतकातच पास्कल या फ्रेंच पंडिताने सांगून ठेवला होता: कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पसरतो. १९१७ साली अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने या तत्त्वावर ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. फोर्डने मात्र १९३९ च्या गाड्यांपर्यंत सळ्या सोडल्या नाहीत! आपल्याकडे महिंद्रांची जीप आणि वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात तयार होणारी फियाट यांनी हे तेलाचे ब्रेक गावोगाव नेले.

तेल दबत नाही, हवा दबते. साऱ्या विद्येचे मर्म एवढेच. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. म्हणून लायनर बदलताना नळी उघडली गेली की ‘एअर काढणे’ आलेच.

या कामाच्या घरगुती रीतीला दोन माणसे लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो. दुसरा चाकाजवळ निपल किंचित सैल करतो. बुडबुडे तेलाबरोबर बाटलीत उतरतात. निपल आवळल्यावर बाहेरच्याने ‘सोड’ म्हणावे, आणि मगच आतल्याने पाय उचलावा. आधी उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत शिरते. जुन्या गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात, आणि मास्टर सिलिंडरमधले तेल मध्येच संपू देत नाहीत.

बाटलीत उतरलेले तेल ‘वाया कशाला घालवा’ म्हणून परत ओतण्याचा मोह काटकसरी घरात हटकून होतो. ही काटकसर जिवाशी खेळ आहे. सामान्य ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. जुन्या लायनरची धूळही फुंकरीने उडवू नये. पूर्वीच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसांचा वैरी.

पेडल पायाखाली घट्ट लागल्याखेरीज गाडी जागची हलवू नये. शंका राहिली तर जाणत्या मिस्त्रीला बोलवावे, त्यात कमीपणा नाही. अंगणातल्या कामाची परीक्षा घाटात होते, आणि ती देणाऱ्यांत गाडीत बसलेली पोरेबाळेही असतात.