पुनर्जन्म कुणाचा? दिव्याची ज्योत आणि काळाचा प्रवाह



आपल्या वस्तीत कुणाचे निधन झाले की पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील होते, भोजनदान होते. मंडळी उठायला लागली की एखादी म्हातारी आई हळूच विचारते, "बाबा, माझं लेकरू आता कुठं जन्माला आलं असंल?" त्या माउलीला काय सांगायचे? नुसते "पुनर्जन्म नाही" म्हटले तर तिचा जीव तुटतो. "आहे" म्हटले तर आपण पुढच्या दाराने घालवलेला आत्मा मागच्या दाराने पुन्हा घरात शिरतो. म्हणून या प्रश्नाचा इतिहास आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे इथे मांडत आहोत.

हा प्रश्न भगवंतांच्या हयातीतलाच आहे. साती नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. तो म्हणू लागला की तेच विज्ञान, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत जाते. तथागतांनी त्याला बोलावून घेतले आणि संघासमोर खडसावले. जाणीव कारणावाचून उत्पन्न होत नाही. लाकडावर पेटतो तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटतो तो गवताचा. तसेच जाणिवेचे. मग एकच जाणीव गाठोडे घेऊन गावोगाव फिरेल कशी?

पुढे सम्राट अशोकाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, पाटलिपुत्राला संगीती भरली. तिथे स्थविर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी 'कथावत्थु' रचला असे परंपरा सांगते. त्यात काळावरचा वाद आहे. सर्वास्तिवादी म्हणत, भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले धर्म अस्तित्वात आहेतच. स्थविरवाद्यांना हे मान्य नव्हते. जे गेले ते गेले, जे आले नाही ते आलेच नाही. हा पंडितांचा रिकामा खेळ नव्हता. केलेले कर्म संपून गेले, तर त्याचे फळ येते कुठून, हा त्यामागचा खरा सवाल होता.

त्याचे उत्तर आपल्याला समजेल अशा भाषेत दिले ते भदंत नागसेनांनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात यवन राजा मिलिंद सागल नगरीत राज्य करीत होता. सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट, असे मानतात. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले. त्याला पुढे याच मिलिंदाचे नाव दिले आणि परिसर झाला नागसेनवन. राजाने विचारले, जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणाले, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग दुसरा दिवा होता का? तेही नाही. एकीच्या आधाराने दुसरी पेटत गेली, एवढेच.

राजाने काळाबद्दलही विचारले. नागसेनांनी सांगितले की जे संस्कार निरोध पावले त्यांना काळ नाही, ज्यांचे फळ अजून यायचे आहे त्यांना काळ आहे. काळाचे मूळ अविद्येत आहे. त्याचे पहिले टोक मात्र सापडत नाही, जसे कोंबडी आणि अंडे. म्हणजे काय, तर काळ ही वेगळी नदी आणि आपण तिच्यातल्या होडीतले प्रवासी, असे नाही. कारणातून कार्य घडत जाते, त्या घडण्यालाच आपण काळ म्हणतो.

आम्ही गिरणीत त्रासन खात्यात उमेदीची वर्षे काढली. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच, आणि बॉबिनवर सूत शेकडो वार. त्या सुतात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू नसतो. एक संपायच्या आत दुसरा त्याला बिलगतो आणि पीळ बसतो. नागसेनांचे म्हणणे आम्हाला तिथे उमगले. पीळ म्हणजे कर्म, आणि आत्मा नावाचा सलग दोरा आत कुठेच नाही.

आता हा वाद आपल्या पोटाशी कसा भिडतो तेही पाहा. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. हा विटाळ कुठून आला? तर मागच्या जन्मीच्या पापातून, असे शास्त्र सांगणार. तोच आत्मा, तेच पाप, म्हणून हाच जन्म. असे म्हटले की अन्याय करणारा सुटला आणि सोसणारा गुन्हेगार ठरला.

थेरवादी देशांत आजही जन्मांची साखळी मानतात, तीही आत्म्याशिवाय. बाबासाहेब त्याच्या पुढे गेले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले: पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कुणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्ये मरणानंतर निसर्गातल्या आपापल्या द्रव्यांत मिसळतात, त्यांतून पुन्हा नवे घडते. पण आत्म्याचा पुनर्जन्म नाही. मागच्या जन्मीच्या कर्माचे ओझे त्यांनी साफ नाकारले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात श्राद्ध-पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा देताना, आज आपला नवा जन्म होत आहे, हेही लाखो लोकांकडून वदवून घेतले. जिवंतपणीचा हा पुनर्जन्म आमच्या आईबापांनी भोगलेला आहे.

तेव्हा त्या माउलीला आम्ही सांगतो, आई, तुझं लेकरू कुठल्या पोटी गेलं ते शोधत बसू नकोस. त्यानं वस्तीतल्या ज्या पोरांना अभ्यासाला बसवलं, ज्यांची दारू सोडवली, तिथं बघ. ज्योत तिथं लागलेली आहे. आणि कुणाच्या अपंग मुलाला बघून "मागल्या जन्माचं भोग" असे आपल्या तोंडून निघत असेल, तर तो शब्द आजपासून गिळावा. घरात दिवा लावताना एवढे आठवले तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!