अरण्यातील यादवी आणि काठमांडूचे भाषण

यादवी हा शब्द आपल्या वृत्तपत्रांनी श्रीलंकेसाठी वापरला, नेपाळसाठी वापरला, अफगाणिस्तानासाठी वापरला. भामरागड, कोरची, देवरी, सालेकसा येथील अरण्यांत चार दशके जे चालले त्यासाठी मात्र तो क्वचितच वापरला गेला. शासनाच्या कागदोपत्री तो ‘नक्षलग्रस्त भाग’ आणि तेथे होणारे मृत्यू म्हणजे ‘चकमक’ वा ‘घातपात’. नाव लहान ठेवले की घटनाही लहान वाटू लागते. आमचे फुलचूर गोंदिया शहराला अगदी लागून आहे. येथे भातगिरण्यांची आणि रेल्वेची वर्दळ असते, आणि देवरी-सालेकशाचे जंगल काही तासांच्या वाटेवर असूनही येथील बोलण्यात ते दूरदेशीच्या वार्तेसारखे येई. जगाने या युद्धाकडे उशिरा पाहिले अशी तक्रार करण्यापूर्वी ही गोष्ट नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते.

या युद्धाचा आरंभ १९८० सालचा. आंध्रातील पीपल्स वॉर गटाची पथके त्या वर्षी गोदावरीच्या पलीकडून सिरोंच्याच्या बाजूस आली आणि त्याच वर्षी पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मारला गेला. गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. तो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पथकांना आसरा मिळाला यात नवल नव्हते. तेंदूपानाच्या पुड्याला मिळणारा दर नगण्य होता, बांबू तोडणाऱ्याची मजुरी कंत्राटदार ठरवी, आणि स्वतःच्या जंगलातून लाकूडफाटा आणणाऱ्या आदिवासीला वनरक्षकाच्या हाती काहीतरी ठेवावे लागे. हे अन्याय खोटे नव्हते. परंतु अन्याय खरा असला म्हणजे त्यावरचा उपायही खरा ठरतो, असे नाही. पुढे त्याच आदिवासींच्या घरांतून खबरी ठरवून माणसे ओढून नेली गेली आणि रस्त्यावर मारून टाकली गेली.

२००९ हे साल महाराष्ट्रासाठी सर्वांत भीषण ठरले. १ फेब्रुवारीस मरकेगाव येथे १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७ पोलीस ठार झाले. हत्तीगोट्याच्या मृतांत पाच महिला पोलीस होत्या. पुढे एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर येथे ४० माओवादी मारले गेले, आणि १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेडा येथील सुरुंगस्फोटात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक प्राणास मुकले. दोन्ही बाजूंच्या याद्या शेजारी ठेवून वाचल्या तर आडनावे पुष्कळदा सारखीच आढळतात. विशेष पथकांतील जवान बहुतांशी स्थानिक, आणि दलमांतील खालच्या फळीचे सैनिकही स्थानिकच. यादवी या शब्दास याहून दुसरा कोणता पुरावा हवा?

आंबेडकरी समाजाला या युद्धाने दोन्हीकडून ओढले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात जे २६ माओवादी ठार झाले, त्यांत मिलिंद तेलतुंबडे होता. यवतमाळ जिल्ह्यातील आंबेडकरी समाजातून आलेला हा माणूस महाराष्ट्र-मध्यप्रदेश-छत्तीसगड या विभागाचा प्रमुख झाला होता. दुसरीकडे, २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली, समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा त्या आक्रोशामागे नक्षलवादी असल्याची भाषा राज्याच्या गृहखात्याकडून ऐकावी लागली. बंदूक हाती न घेणाऱ्यालाही बंदुकीचा संशय भोगावा लागतो. या संशयाचा लाभ कोणाला झाला, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

जगाचे लक्ष कसे वेधले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. २००८ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने छत्तीसगडमधील सलवा जुडूम, सुरक्षा दले आणि माओवादी या तिघांच्याही अत्याचारांवर अहवाल प्रसिद्ध केला. सशस्त्र संघर्षातील बालकांविषयी संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांनी २०१० साली जो अहवाल सादर केला त्यात नक्षलवाद्यांच्या बालभरतीचा उल्लेख आला. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनेही काही काळ बस्तरात काम केले. परंतु जगभरच्या वृत्तपत्रांत या अरण्याचे नाव खऱ्या अर्थाने झळकले ते मार्च २०१२ मध्ये, ओडिशात दोन इटालियन नागरिकांचे अपहरण झाले तेव्हा. शेकडो गोंड, माडिया, हलबा माणसांच्या मृत्यूने जे झाले नाही ते दोन पाहुण्यांच्या बंदिवासाने झाले. भारत सरकारने मात्र हा सशस्त्र संघर्ष आहे असे कधी मान्य केले नाही. त्याच्या लेखी हा कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न राहिला.

नेपाळची गोष्ट येथे तुलनेस घेणे भाग आहे. तेथील माओवादी युद्ध १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सुरू झाले. पहिली पाच वर्षे जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. जून २००१ मध्ये राजवाड्यात हत्याकांड झाले आणि परदेशी पत्रकार काठमांडूत उतरले. सुमारे १७ हजार माणसे मेल्यानंतर, २१ नोव्हेंबर २००६ रोजी, सरकार आणि माओवादी यांच्यात सर्वंकष शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पथकाने छावण्यांतील सैनिकांची व शस्त्रांची पडताळणी केली.

आता तारखा पाहाव्यात. त्याच काठमांडूत, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, जागतिक बौद्ध परिषदेत प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर भाषण केले होते. म्हणजे करार झाला तो त्या भाषणानंतर पन्नास वर्षे आणि एका दिवसाने. यात कोणताही चमत्कार नाही. धम्म चमत्कार मानत नाही. पण भाषणाचा विषय हाच होता. दुःख आणि शोषण मार्क्सलाही दिसले, तथागतालाही दिसले. भेद साधनांत आहे. सक्तीने आणलेली समता सक्ती उठताच टिकेल काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. भिक्खू संघाने खाजगी मालमत्ता सोडली ती हुकूमशाहीवाचून, याकडे त्यांचा रोख होता.

हे विचार मांडणारा पुरुष आमच्याच भागात मतपेटीतून पराभूत झालेला होता, हे विसरू नये. १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. पराभवाची कडवट चव घेऊनही त्यांनी संविधानाची वाट सोडली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी रक्तरंजित मार्ग त्यागण्याचे जे आवाहन केले होते, ते विजयी माणसाचे सोयीचे वचन नव्हते, हे १९५४ ने दाखविले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला शाक्य-कोलीय तंटा हे दिले आहे. सिद्धार्थाने दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा सोडवावा, अशी सूचना मांडली. शाक्य संघाने ती मोठ्या बहुमताने फेटाळली. युद्धाला बहुमत मिळणे सोपे असते. मध्यस्थाची सूचना करणारा एकटा पडतो आणि घर सोडून जातो.

२०२५ साली या अरण्यात बंदुका खाली येऊ लागल्या. १५ ऑक्टोबर रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. तीन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून मुदत मागणारा अनंत हा विभागीय प्रवक्ता २८ नोव्हेंबरला दहा साथीदारांसह आमच्या गोंदियातच शरण आला. केंद्र शासनाने ३१ मार्च २०२६ ही समाप्तीची तारीख आधीच जाहीर केली होती. आशा बाळगण्यास हे पुरेसे कारण आहे आणि आम्ही ती बाळगतो. मात्र येथे करार नाही, शरणागती आहे. नेपाळात करार होऊनही सत्य निरूपण आयोग स्थापन व्हावयास २०१५ साल उजाडले, आणि तेराशेंहून अधिक बेपत्ता माणसांची कुटुंबे उत्तराची वाट पाहत राहिली. आमच्याकडे खबरी म्हणून मारलेल्या आदिवासीचे आणि चकमकीत मारलेल्या पोराचे नाव एकत्र कोण लिहिणार, हे कोणी ठरविलेले नाही.

वनाचा प्रश्न मात्र बंदुकीवाचून थोडा सुटला, तोही याच युद्धभूमीत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला होता. तो ग्रामसभेच्या हाती देण्यास २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांना त्या गावी जावे लागले.