कापडी पॅड : नांदेड-लातूरपासून नेपाळपर्यंत, कोणासाठी आणि कसे शिवावे?

धुऊन पुन्हा वापरता येणारे सुती पॅड गरजू महिलांसाठी शिवून देण्याचे काम आज जगात अनेक ठिकाणी चालते. नेपाळमधील किंवा निर्वासित छावण्यांतील भगिनींसाठी आपणही असे पॅड शिवून पाठवावेत का, असा प्रश्न नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात. त्यांच्या उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र देत आहोत. पॅड कसा शिवावा हे यातले सोपे काम आहे. तो कोणासाठी शिवायचा आणि धुवायला पाणी कुठून येणार, हे प्रश्न अवघड आहेत.

विनयपिटकातील कापड

हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खुनींच्या मासिक पाळीचा उल्लेख येतो. आसनांवर डाग पडू लागले तेव्हा तथागतांनी ‘आवसथचीवर’ वापरण्याची अनुमती दिली. त्यालाही डाग पडू लागल्यावर ‘आणिचोळक’ म्हणजे आतून घ्यायच्या कापडाची अनुमती दिली. ते गळून पडू लागले म्हणून दोऱ्याने बांधायला सांगितले. दोरा तुटू लागला तेव्हा लंगोटासारखे वस्त्र आणि कंबरेचा दोरा आला. या प्रसंगात चर्चा आहे ती कापड, दोरा आणि डाग यांची. विटाळाची नाही.

भिक्खुनींच्या पाचित्तिय नियमांपैकी ४७वा नियम याच आवसथचीवराबद्दल आहे. पाळी आलेल्या भिक्खुनींसाठी दान मिळालेले हे वस्त्र एकीने स्वतःकडेच ठेवून घेतले, त्यामुळे इतरांना ते मिळेना. तेव्हा ठरले की दोन-तीन रात्री वापरून चौथ्या दिवशी ते धुवावे आणि दुसरीसाठी सोडावे. आज आरोग्याच्या दृष्टीने एकीचे कापड दुसरीने वापरू नये. पण नियमामागचे तत्त्व आजही लागू आहे : पाळीचे साधन ही संघाची सामूहिक जबाबदारी आहे आणि ते प्रत्येकीपर्यंत पोहोचले पाहिजे.

आपल्या देशात शबरीमला प्रकरणाच्या निकालात (२८ सप्टेंबर २०१८) न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवण्याची सांगड संविधानाच्या अनुच्छेद १७ मधील अस्पृश्यताबंदीशी घातली. ज्या समाजाने विटाळाचा मार पिढ्यान् पिढ्या सोसला, त्याला हा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही आपल्या काही घरांत पाळीच्या चार दिवसांत मुलीला आजही बाजूला बसवले जाते, हे मान्य करून पुढे जायला हवे.

जगात हे काम कसे उभे राहिले

‘डेज फॉर गर्ल्स’ या संस्थेचे काम २००८ मध्ये केनियातील एका अनाथाश्रमापासून सुरू झाले. आधी तेथे एकदाच वापरायचे पॅड दिले गेले. पण वापरलेले पॅड टाकायला जागा नव्हती, म्हणून कापडी पॅड आले. पुढे पांढऱ्या कापडाऐवजी रंगीत, नक्षीचे कापड घेतले गेले, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. आतली घडी उलगडली की ती साध्या चौकोनी फडक्यासारखी दिसते आणि उघड्यावर वाळत घालता येते. ही सुधारणा वापरणाऱ्या मुलींची अडचण ऐकून घेतल्यामुळे झाली.

तमिळनाडूतील ऑरोविल येथील ‘इको फेम’ची वाट उलटी आहे. तेथील कापडी पॅड परदेशातील ग्राहक विकत घेतात आणि त्या विक्रीतून भारतातील मुलींना पॅड व आरोग्यशिक्षण दिले जाते. महाराष्ट्रात पुण्याची ‘समाजबंध’ ही संस्था जुन्या सुती कपड्यांपासून पॅड तयार करते. ‘गूंज’ने जुन्या सुती कापडाचे पॅड देशभर पोहोचवले आणि पाळीवर उघडपणे बोलण्याची मोहीम चालवली.

परदेशातील गरज कुठे आहे

नेपाळच्या पश्चिम भागात पाळीच्या काळात स्त्रीला घराबाहेरच्या झोपडीत ठेवण्याची ‘छाउपडी’ प्रथा आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बंद करण्याचे निर्देश दिले. २०१७ मध्ये कायदा झाला आणि त्यात तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंडाची तरतूद आली. तरीही थंडी, धूर आणि सर्पदंशाने त्या झोपड्यांत मृत्यू झाले आहेत. लुंबिनीला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना हा नेपाळ सहसा दिसत नाही.

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या दाट छावण्यांत कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा मिळणे हीच मोठी अडचण आहे. तेथील स्त्रिया मुस्लिम आहेत आणि बौद्धबहुल देशातून हाकलल्या गेल्या आहेत. म्हणूनच त्यांचे नाव आपल्या यादीत असायला हवे. करुणा धर्म विचारून दिली जात नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांचे वास्तव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते २४ वयोगटातील सुमारे ५० टक्के स्त्रियांनी पाळीत कापड वापरत असल्याचे सांगितले. यात एकापेक्षा अधिक साधने सांगण्याची मुभा होती. आरोग्यदायी साधनांच्या यादीत मात्र कापड धरलेले नाही. म्हणजे निम्म्या तरुणी जे वापरतात, ते सुरक्षित कसे वापरावे हे सांगणारी यंत्रणाच तोकडी आहे.

राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देण्याचे ठरले. जुलै २०१८ मध्ये पॅडवरील जीएसटी रद्द झाला. हे चांगलेच झाले. पण शाळा सुटलेली मुलगी, वीटभट्टीवरची मजूर आणि ऊसतोडीच्या कोपीत राहणारी बाई या पाच रुपयांच्या सवलतीबाहेर राहिल्या. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पाळी आली म्हणून मजुरी बुडू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यांतूनही कुटुंबे जातात.

दुसरा मुद्दा पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे प्यायला पाणी नाही, तेथे पॅड धुवायला कुठून येणार? चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह हा आपल्या चळवळीचा पाया आहे. वस्तीवर नळ, न्हाणीघर आणि आडोसा मागणे हे त्याच लढ्याचे आजचे रूप आहे. पाण्याची मागणी सोडून नुसते पॅड वाटले, तर स्त्रीच्या डोक्यावर आणखी एक घागर चढते.

पॅड कसा शिवावा

• वरचा थर : मऊ, शंभर टक्के सुती, गडद रंगाचे किंवा नक्षीचे कापड. नायलॉन-पॉलिस्टर घेऊ नये.
• मधला थर : फलालीन किंवा टॉवेलच्या कापडाचे दोन ते चार थर. फार जाड केल्यास लवकर वाळत नाही.
• खालचा थर : घट्ट विणीचे जाड सुती कापड. ओल न झिरपणारे अस्तर मिळाल्यास उत्तम.
• लांबी दिवसासाठी साधारण २२ ते २५ सेंटीमीटर, रात्रीसाठी ३० पर्यंत. मधली रुंदी सुमारे ७ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना पंख आणि टिचबटण.
• नवे कापड शिवण्यापूर्वी धुवावे, म्हणजे नंतर आटत नाही. जुनी सुती साडी किंवा चादर उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्यावी. विरलेले कापड नको.
• एका स्त्रीला किमान ६ पॅड, सोबत कपड्याची पिशवी आणि तिच्या भाषेतील चित्रमय सूचना द्याव्यात. अंतर्वस्त्र नसेल तर पंखांचा पॅड टिकत नाही, म्हणून तेही द्यावे.

शिलाई येणारे हात आपल्याकडे आहेत. उदगीरला विणलेल्या खादीचे तिरंगे नांदेडला तयार होतात. बचत गटांतील महिलांना शिवणयंत्र नवे नाही. मात्र त्यांच्या श्रमाला मजुरी मिळालीच पाहिजे. गरीब बाईने दुसऱ्या गरीब बाईसाठी फुकट राबावे, याला आम्ही दान म्हणत नाही.

वापरताना

पॅड चार ते सहा तासांनी बदलावा. आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवावा, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून कडक उन्हात वाळवावा. ओलसर पॅड कधीही वापरू नये. नीट काळजी घेतल्यास तो साधारण दोन वर्षे टिकतो.

यात ढिलाई चालत नाही. ओडिशात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुन्हा वापरायचे कापड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये जंतुसंसर्ग अधिक आढळला. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात पॅड घरात वाळवणे आणि संडासात ठेवणे यांचा बुरशीच्या संसर्गाशी संबंध दिसला. म्हणजे लाजेपोटी कापड अंधारात वाळवणे हेच आजाराला आमंत्रण आहे. अंगात ताप, दुर्गंधी, खाज किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

परदेशात पाठवण्यापूर्वी

१. तेथे काम करणाऱ्या स्थानिक महिला संस्थेला आधी विचारा : पॅड हवेत का, कोणते, किती?
२. टपाल आणि सीमाशुल्काचा खर्च काढा. अनेकदा तो कापडापेक्षा जास्त होतो. मग तितकेच पैसे तेथील शिवणाऱ्या महिलांना दिलेले चांगले.
३. नमुना, कापण्याचे माप आणि शिकवणारी व्यक्ती पाठवणे हे खोकी पाठवण्यापेक्षा टिकाऊ आहे.
४. पॅड घेणाऱ्या मुलींचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशातून आणि परदेशातून आपल्या भागात मदत आली. रांगेत उभे राहून मदत घेताना मान कशी खाली जाते, हे येथील वडीलधाऱ्यांना माहीत आहे. ती मान खाली जाऊ न देता देणे हेच खरे दान.

नागपूरच्या जुलै १९४२ च्या महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो स्त्रियांसमोर स्वच्छतेचा आग्रह धरला होता. येत्या २८ मे रोजी, मासिक पाळी स्वच्छता दिनी, प्रत्येक विहारात तरुण-तरुणींनी एकत्र बसून एक तरी पॅड शिवावा. मुलांनीही सुई हातात घ्यावी. आणि त्याच दिवशी आपल्या वस्तीतील नळ व न्हाणीघरासाठी ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला निवेदन द्यावे.