ज्वलन संश्लेषण : तापपिंडनासाठी चूर्णनिर्मिती

धातूची किंवा मृत्तिका पदार्थाची भुकटी मिश्रणाच्या स्वतःच्या जळण्यातून तयार करण्याची पद्धत. बाहेरची उष्णता लागते ती मिश्रण पेटेपर्यंतच. पुढचे तापमान विक्रियाच पुरवते. अशी भुकटी साच्यात दाबून, वितळू न देता तापवली की कण एकमेकांना जोडले जातात, मधली पोकळी आटते आणि भरीव वस्तू हाती येते. ही क्रिया म्हणजे तापपिंडन. कारखान्यात तिला सिंटरिंग म्हणतात. ज्वलन संश्लेषणाचे कौतुक बहुतेक वेळा त्याच्या वेगासाठी होते. तापपिंडनाच्या दृष्टीने मात्र कस लागतो तो ज्योत आवरण्यात.

पद्धतीच्या दोन शाखा आहेत. घन शाखेचे मूळ थर्मिटमध्ये सापडते. हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये त्याचे एकस्व घेतले. ॲल्युमिनियमची पूड आणि लोहाचे ऑक्साइड यांच्या त्याच विक्रियेने रेल्वेचे रूळ आजही जागेवर जोडले जातात. १९६७ मध्ये मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्का येथे ए. जी. मेर्झानोव, आय. पी. बोरोव्हिन्स्काया आणि व्ही. एम. श्किरो यांनी टायटॅनियम व बोरॉन यांच्या मिश्रणात हे ज्वलन अभ्यासले. दाबलेल्या पुडीची कांडी एका टोकाला पेटवली की जळती लाट दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते आणि मागे बोराइड उरते. टायटॅनियम व कार्बन यांच्या मिश्रणात लाटेचे तापमान, हिशेबाने, ३,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. हिशेबाचे तापमान सुमारे १,८०० केल्व्हिनच्या खाली राहिले तर लाट सहसा मध्येच विझते. टायटॅनियम डायबोराइड कमी खर्चात करायचे असेल तर टायटॅनियम व बोरॉन यांची ऑक्साइडे आणि मॅग्नेशियमची पूड एकत्र पेटवतात व उरलेले मॅग्नेशियम ऑक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढतात. या शाखेची अडचण शेवटी कळते. लाटेमागे भुकटी उरत नाही, ढेकूळ उरते. ते फोडून दळावे लागते आणि दळताना चक्कीतल्या गोळ्यांची झीज मालात मिसळते.

द्रावण शाखा भारतातली आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील हायड्राझिनयुक्त धातुसंयुगांच्या ज्वलनावर काम करत होते. १९८८ मध्ये जे. जे. किंग्जली व पाटील यांनी ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया यांच्या साध्या मिश्रणातून अल्फा ॲल्युमिना मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. खतातला युरिया इथे इंधन होतो आणि नायट्रेट ऑक्सिजन पुरवते. प्रमाण काढण्याची रीतही बेंगळुरूचीच. एस. आर. जैन, के. सी. अडिगा आणि व्ही. आर. पै वेर्णेकर यांनी १९८१ मध्ये इंधन व ऑक्सिडीकारक यांच्या मिश्रणांसाठी ती मांडली होती. कार्बनला अधिक ४, हायड्रोजनला अधिक १, ऑक्सिजनला वजा २, नायट्रोजनला शून्य आणि धातूला त्याची संयुजा द्यायची. युरियाची बेरीज अधिक ६ येते, ॲल्युमिनियम नायट्रेटची वजा १५. म्हणून एका मोल नायट्रेटला अडीच मोल युरिया. नऊ रेणू स्फटिकजल असलेले २० ग्रॅम नायट्रेट घेतले तर युरिया ८ ग्रॅम लागतो.

हे दोन्ही थोड्या पाण्यात विरघळवून काचेच्या पसरट भांड्यात ५०० अंशांवर तापलेल्या मफल भट्टीत ठेवतात. द्रावण उकळते, दाटते, पाकासारखे चिकट होते. मग भांड्यात फेस उसळतो, फुगतो आणि एका जागी ठिणगी पडावी तसा पेट घेऊन झळझळीत पांढरा होतो. पाच मिनिटांच्या आत सारे संपते. भट्टी ५०० अंशांवरच असते, पण ज्योत १,५०० अंशांच्या आसपास पोहोचते; अल्फा ॲल्युमिना थेट मिळण्याचे कारण तेच. भांडे काठोकाठ पांढऱ्या फेसाने भरलेले दिसते, तरी त्या २० ग्रॅम नायट्रेटमधून ॲल्युमिना मिळतो अवघा २.७ ग्रॅम. स्फटिकजल सोडले तरी एका मोल ॲल्युमिनामागे २३ मोल वायू बाहेर पडतो. फेस बोटांत चुरला की त्याची हलकी भुकटी होते.

ही भुकटी जशीच्या तशी दाबून भट्टीत घातली तर मात्र निराशा होते. तापपिंडनाला बारीक कण हवेतच, पण ते सुटेही हवेत. फार तापलेल्या ज्योतीत कण तिथल्या तिथे एकमेकांना जुळून कठीण गुठळ्या होतात. गुठळी आतून आधी आकसते आणि दोन गुठळ्यांमधली पोकळी मोठीच राहते. शिवाय फेसाळ भुकटी साच्यात नीट बसत नाही. ५५ टक्के घनतेची गोळी ९७ टक्क्यांवर जायची तर प्रत्येक मितीत सुमारे १७ टक्के आकसते. सुरुवातच कमी घनतेने झाली तर आकुंचन वाढते आणि वस्तू वाकते किंवा तडकते. म्हणून जळल्यावर भुकटी पुन्हा भाजून उरलेला कार्बन घालवतात, अल्कोहोलमध्ये दळून गुठळ्या मोडतात आणि बंधक मिसळून मगच दाबतात.

त्याआधीचा उपाय ज्योतीतच आहे. इंधन हिशेबापेक्षा कमी घेतले की ज्योत थंडावते, स्फटिककण लहान राहतात आणि गुठळ्या मऊ होतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आर. डी. पुरोहित, एस. साहा आणि ए. के. त्यागी यांनी थोरियम नायट्रेट व ग्लायसीन यांच्या ज्वलनातून नॅनोस्फटिकी थोरिया, म्हणजे थोरियमचे ऑक्साइड, तयार केला; हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. थोरियम नायट्रेटची बेरीज वजा २० आणि ग्लायसीनची अधिक ९, म्हणजे पुरे प्रमाण एका मोलला सुमारे २.२ मोल; ज्योत थंड ठेवायची तर ग्लायसीन याहून कमी. थोरिया ३,३०० अंशांच्या आसपास वितळतो आणि नेहमीच्या भुकटीच्या गोळ्या घट्ट करायला १,६०० अंशांवरची भट्टी लागते. हे तापमान खाली आणणारी भुकटी भारतासाठी मोलाची आहे, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत अणुइंधनासाठी उपयोगी अशा थोरियमचा मोठा साठा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचा भारतातला सर्वांत अर्थपूर्ण उपयोग हाच.

नागपूर व अमरावती येथील विद्यापीठांच्या भौतिकी विभागांत हीच पद्धत दिव्यांसाठी लागणाऱ्या प्रस्फुरकांकरिता वापरली गेली. तिथे भुकटीने उजळायचे असते, घट्ट व्हायचे नसते. त्यामुळे गुठळ्यांचा प्रश्न वेगळा ठरतो.

धातूंच्या भुकटीसाठी इंधन उलट जास्त घेतात. निकेल नायट्रेट व ग्लायसीन यांच्या मिश्रणात ग्लायसीन पुरेसे जास्त असेल तर ज्योतीतले क्षपणकारी वायू ऑक्साइडचे निकेल करतात. तांब्याचेही असे होते. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम या वाटेने मिळत नाही. ऑक्सिजनवरची त्यांची पकड ज्योतीतले वायू सोडवू शकत नाहीत. टायटॅनियमची भुकटी वेगळ्या मार्गाने आणून तिच्या तापपिंडनावरच मेहनत घ्यावी लागते. या बाजूचे नमुनेदार काम भोपाळला झाले. तिथली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा १९८१ मध्ये प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि २००७ पासून ॲम्प्री या नावाने ओळखली जाते. टायटॅनियमच्या भुकटीत औष्णिक वीज केंद्रांच्या राखेतले पोकळ मणी, म्हणजे सेनोस्फिअर, मिसळून तिथल्या संशोधकांनी चूर्ण धातुविज्ञानाच्या रीतीने हलका सच्छिद्र पदार्थ घडवला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये छापले गेले. इथे पोकळी आटवायची नसते, राखायची असते. मणी फुटणार नाहीत इतकाच दाब आणि टायटॅनियमचे कण जुळतील इतके तापमान, या दोहोंच्या मध्ये काम साधावे लागते. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून भट्टी निर्वात किंवा आरगॉनने भरलेली लागते.

प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना प्रमाण दहापट करून चालत नाही. नायट्रेट व इंधन यांचा सुकलेला गर स्फोटकाच्या जवळचा असतो आणि मोठ्या घाण्यात उष्णता बाहेर पडायला वाव कमी मिळतो. ज्योत अधिक तापते, भुकटी बदलते. त्यामुळे लहान लहान घाणे घेणे किंवा द्रावण फवारून थेंबाथेंबाने जाळणे हे मार्ग बरे. प्रमाण चुकले तर नायट्रोजन ऑक्साइडांचा तपकिरी, विषारी धूर निघतो, म्हणून काम धुराड्याखालीच करतात. ज्योतीला बळ देण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरायचे असेल तर ते साठवायला व हाताळायला अमोनियम नायट्रेट नियम, २०१२ लागू होतात.