सैन्य जुने, कायदा नवा

राज्य पालटले म्हणजे पहिला पालट दप्तरात होतो. जमीन असते तेथेच राहते, वतनदारही तोच असतो. परंतु ज्या सनदेच्या जोरावर त्याच्या घराण्याने ते वतन पिढ्यान्‌पिढ्या उपभोगले, ती सनद नव्या सरकारात चालेल की नाही, या एका चिंतेने त्याची झोप उडते. इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी ज्याचे मुख्य ठाणे आहे त्या ‘वॉरहॅमर’ नामक युद्धक्रीडेच्या जुन्या भिडूंवर असा प्रसंग गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा गुदरला आहे. त्यांचे वतन म्हणजे शिशाचे आणि प्लास्टिकचे, स्वहस्ते रंगविलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक: एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, कबरीतून उठलेले सापळे; आणि त्यांची सनद म्हणजे नियमांचे पुस्तक. संसाराच्या व्यापात ज्याने ही फौज वर्षानुवर्षे माळ्यावर टाकली, तो ती पुन्हा खाली काढतो तेव्हा सैनिक जसेच्या तसे सापडतात, पण कायदा मात्र ओळखू येत नाही. हे असे का होते, आणि होऊनही माणसे परत का येतात, हे समजून घ्यावयाचे तर या क्रीडेचा पूर्वेतिहास थोडा चाळला पाहिजे.

या क्रीडेचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. 1812 साली राइसविट्झ नावाच्या एका सरदाराने राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला युद्धखेळाचे एक मेज नजर केले. पुढे 1824 मध्ये त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अंमलदार होता, तोच खेळ मेजावरून उचलून खऱ्याखुऱ्या भूमापनाच्या नकाशांवर नेला, पलटणींच्या जागी धातूचे ठोकळे मांडले, मृतांची संख्या ठरविण्यास फासे योजले, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसविला. सेनापतींच्या दप्तरातून या खेळाची शिफारस झाली व तो पलटणींतून पसरला. परंतु वर्षे लोटली तशी नियमांची कोष्टके इतकी माजली, की एका चकमकीचा निकाल लागेपर्यंत खऱ्या रणांगणावर दुसरी लढाई उरकावी. तेव्हा 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने बहुतेक कोष्टके बाजूला सारली आणि निर्णयाचा सारा अधिकार अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविला. खेळाचा न्याय ग्रंथाने करावा की माणसाने, हा वाद तेथे प्रथम उघड झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

लष्करातून हा खेळ दिवाणखान्यात आला तो खेळण्यांच्या कारखान्यामुळे. विल्यम ब्रिटन यांच्या पेढीने 1893 पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतावयास आरंभ केला व ते मध्यमवर्गीय मुलांच्या आटोक्यात आले. आणि 1913 साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून त्या शिपायांना प्रौढांच्याही हाती दिले. वेल्सच्या खेळात हार-जीत बऱ्याच अंशी खेळण्यातल्या तोफेवर अवलंबून असे. तिच्यातून सुटलेली लाकडी गोळी ज्या शिपायाला पाडी तो मेला, इतका तो न्याय उघड होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत हौशी मंडळे निघाली, त्यांनी नेपोलियनच्या व रोमनांच्या लढाया मांडल्या. आणि 1971 मध्ये अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धाच्या नियमावलीला जोडलेल्या एका पुरवणीत ड्रॅगन, जादूगार आणि एल्फ रीतसर रणात उतरले. तिच्यातूनच 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मास आला.

आता अर्थकारणाकडे वळावे, कारण पुढील सारे नियमांतर त्यातूनच निघाले. लंडनमध्ये 1975 साली तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ ही पेढी काढली आणि काही वर्षांत तिच्याच आश्रयाने नेवार्क गावी ब्रायन अॅन्सेल यांनी ‘सिटाडेल मिनिएचर्स’ हा पुतळे ओतण्याचा कारखाना उभारला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्याला आपल्या पात्राचा एक पुतळा पुरत असे, फार तर समोरच्या राक्षसांचे पाचसहा. कारखान्याला तर शेकड्यांनी खपावयास हवे होते. तेव्हा ज्यात पुतळे पलटणींनी लागतील असा खेळ तयार करविला गेला, आणि 1983 मध्ये अॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली यांच्या नावांनी ‘वॉरहॅमर’ प्रसिद्ध झाला. अर्थात या खेळात नियम हे पुतळ्यांचे चाकर होते. पुतळा टिकाऊ माल. एकदा घेतलेला शिपाई मोडत नाही, विटत नाही, नातवाच्याही हाती जातो. नियम मात्र जुने होऊ शकतात, किंबहुना व्हावेतच, अशी व्यापाराची निकड असते. कारण नवा कायदा आला म्हणजे कालपर्यंत निरुपयोगी वाटणारी पलटण एकाएकी अपरिहार्य ठरते.

त्या कायद्याची बांधणी मात्र सुबक होती. एक साधा मनुष्य सैनिक आपल्यासारख्याच दुसऱ्यावर तलवार उगारतो असे समजा. दोघांचे शस्त्रकौशल्य सारखे, म्हणून वार लागण्यास फाशावर चार किंवा अधिक पडले पाहिजेत. बळ आणि काटकपणा समान, म्हणून जखम होण्यास पुन्हा चार. आणि जखमी झालेल्याच्या अंगी हलके चिलखत व हाती ढाल असल्यास त्याने पाच किंवा सहा टाकले तर तो वाचतो. म्हणजे अर्ध्याचे अर्धे, आणि त्याचे दोन तृतीयांश: सहा वारांमागे सरासरीने एक मृत्यू. इतके बसल्याजागी मनात मांडता येते, आणि चार-सहा महिने खेळलेल्याला मांडावेही लागत नाही. कौशल्य, बळ, काटकपणा, धैर्य यांचे आकडे बदलत गेले, तरी फाशांची ही तिहेरी पायरी जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत कायम राहिली. परत येणाऱ्याचा हात प्रथम स्थिरावतो तो याच पायरीवर.

बाकीचे मात्र हलत राहिले. पहिल्या तीन आवृत्त्यांत खेळ चालविणारा पंच गृहीत होता. 1987 ची जाडजूड तिसरी आवृत्ती तर बारकाव्यांनी ओसंडत होती. 1992 च्या चौथीने पंचाला निरोप दिला, पेटीत प्लास्टिकचे एल्फ व गॉब्लिन भरून खेळ दुकानात सोपा केला, पण तिच्यात सरदार आणि त्यांची जादूची शस्त्रे इतकी प्रबळ झाली, की खेळाडू तिला थट्टेने ‘हीरोहॅमर’ म्हणू लागले. 2000 च्या सहावीने सरदारांचे पंख छाटून पलटणींना मान परत दिला. त्या काळी पट्टीने आगाऊ अंतर मोजण्यास मनाई होती. पायदळाची चढाई त्याच्या चालीच्या दुप्पट, म्हणजे माणसाची 8 इंच, आणि समोरची पलटण 8 इंचांत आहे की साडेआठांत, हे नजरेनेच जोखावे लागे. चुकले तर पलटण अर्ध्या वाटेत उघडी पडे. 2010 च्या आठवीने मोजण्याची मुभा दिली, परंतु चढाईत दोन फासे मिसळले: चाल 4 अधिक दोन फाशांची बेरीज, म्हणजे 6 पासून 16 इंचांपर्यंत काहीही. ज्यांनी वर्षानुवर्षे नजर तयार केली होती, त्यांची कमाई एका कलमाने खालसा झाली.

खरा उत्पात 2015 मध्ये झाला. खेळाच्या कथानकात प्रलय घडवून कंपनीने त्यातले जुने जगच नष्ट केले, आणि ‘एज ऑफ सिग्मार’ नावाने चार पानांची नियमावली विनामूल्य वाटली. पुतळ्यांच्या पायांखालच्या चौकोनी बैठकांच्या जागी वाटोळ्या बैठका आल्या, रांगा मोडल्या, आणि फौजा समतोल करण्यासाठी प्रत्येक पलटणीला लावलेली गुणांची किंमत सपशेल रद्द झाली. कोण किती सैन्य आणील हे परस्परांनी समजुतीने ठरवावे असा आदेश होता. जुन्या पलटणींना जी तात्पुरती कलमे दिली, त्यांत विनोदही केला होता: कुर्ट हेलबोर्ग या सरदाराचा मालक आपल्या प्रतिस्पर्ध्याहून भरदार मिशीचा असेल, तर त्यास फासा पुन्हा टाकण्याची सवलत! ज्यांनी आयुष्याची हौस या फौजांत ओतली होती त्यांना ही थट्टा झोंबली. एकाने तर आपली फौज जाळून त्याचे चित्रण प्रसिद्ध केले. पण बहुतेकांनी जाळपोळीपेक्षा टिकाऊ उपाय योजले. काहींनी आठवी आवृत्तीच चालू ठेवली, काही 1987 च्या तिसरीकडे परतले, युरोपातील स्पर्धक खेळाडूंनी एकत्र येऊन ‘द नाइन्थ एज’ ही स्वतःची नियमावली रचली, तर काही मँटिक या दुसऱ्या कंपनीच्या ‘किंग्ज ऑफ वॉर’मध्ये गेले. आणि 2016 मध्ये, अवघ्या वर्षभरात, गुणांच्या किमती कंपनीस पुन्हा छापाव्या लागल्या.

2024 च्या जानेवारीत तर बुडालेले राज्यच पुन्हा स्थापन झाले. ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने चौकोनी बैठका व रांगा परत आल्या, आणि पहिल्या पेट्या निघाल्या त्या ब्रेटोनिया व टूम किंग्ज यांच्या, ज्यांचे पुतळे मधल्या काळात विक्रीतून काढून टाकले होते. ब्रेटोनियाच्या सरदारांनी तर 2004 चे एकच पुस्तक 2015 च्या प्रलयापर्यंत पुरवून वापरले होते. पण नव्या राजवटीत सर्वांनाच पूर्ण सनदा मिळाल्या असे नाही: नऊ फौजांना छापील पुस्तकांचे अधिकार मिळाले, तर स्केव्हन, लिझर्डमेन, डार्क एल्फ आदी सातांची बोळवण केवळ एका यादीवर झाली. शिवाय माणसाची बैठक 20 मिलिमीटरांवरून 25 वर गेली. पाच जणांची जी रांग 100 मिलिमीटर रुंद होती ती आता 125 हवी. म्हणून परतलेले वतनदार जुने पुतळे बैठकीवरून न उपटता, खाचा पाडलेल्या तबकांत थोडथोडे अंतर सोडून बसवितात.

आता चढाईचे नवे कलम पाहा. चाल 4, आणि टाकलेल्या दोन फाशांपैकी मोठा असेल तो अधिक. म्हणजे 5 ते 10 इंच, सरासरीने साडेआठाच्या आसपास. सहाव्या आवृत्तीचे 8 इंच ज्याच्या नजरेत मुरले आहेत, त्याचा अंदाज आज पुन्हा जवळजवळ खरा ठरतो. आठवीने मध्ये लावलेली 11 इंचांची सरासरी गेली. चाळीस वर्षांत कायदा वर्तुळाकार फिरला असे याचे स्पष्टीकरण देण्याचा मोह होईल, परंतु ते पुरेसे नाही. नियम छापण्याचा अधिकार कंपनीचा, तरी ते चालू ठेवण्याचा अधिकार तिच्या हाती कधीच नव्हता. गुणांच्या किमती परत आल्या, चौकोनी बैठका परत आल्या, याचे कारण खेळाडूंनी आपला मामूल सोडला नाही, आणि मामुलाविरुद्ध कायदा फार काळ तगत नाही.

याची उलट बाजूही आपल्या घरात आहे. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले, किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे बहुतेक ठिकाणी ज्या उभ्या ओळीत पोचले त्या ओळीच्या मोहऱ्याचे रूप घेई. ही परंपरा जुनी व मानाची होती. तरी पंजाबच्या मीर सुलतान खानास विलायती नियम नव्याने शिकावे लागले, आणि ते शिकून त्याने 1929, 1932 व 1933 या तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. 1955 मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व आपले रामचंद्र सप्रे तिच्यात डी. वेंकय्यांसह संयुक्त विजेते ठरले, तीही आंतरराष्ट्रीय नियमांनीच. येथे मामूल हरला, आणि तो कोणी जबरदस्तीने हरविला नाही. ज्यांच्याशी खेळावयाचे ते प्रतिस्पर्धी दुसऱ्या कायद्याने खेळत होते, एवढे एकच कारण पुरेसे झाले.

दोन्ही उदाहरणांतून निष्कर्ष एकच निघतो. नियमाची सनद राजा देत नाही, कारखानदार देत नाही, पुस्तकही देत नाही. ती समोर बसलेला भिडू देतो. व्हेर्डी द्यु व्हेर्न्वाने कोष्टके फेकली तीही दोन्ही पक्षांचा पंचावर विश्वास होता म्हणूनच. त्यामुळे माळ्यावरून फौज खाली काढणाऱ्याने प्रथम नवे पुस्तक विकत घेण्याची घाई करू नये. आपल्या गावात, आपल्या मंडळात कोण कोणत्या आवृत्तीने खेळतो याची चौकशी करावी. समोरच्याला 1987 चा ग्रंथ प्रिय असेल तर तोच आज लागू कायदा, आणि त्याने 2024 चा स्वीकारला असेल तर चार इंच अधिक मोठा फासा हे कलम पाठ करून कामास लागावे. कंपनीला दुसरा बाजार मिळेल. या माणसाला दुसरा भिडू मिळणे त्याहून कठीण आहे.